भावासाठी घेतलेले शर्ट

“फादर, कुणासाठी बघताय?” जयंतीभाईंनी काउंटरमागून विचारलं.

“भावासाठी,” मी म्हणालो.

मला भाऊ नाही. माझी मोठी बहीण मार्सेलीन शेजारीच उभी होती. लहानपणापासून मी तिला बाय म्हणतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग काचेखाली गुंडाळून ठेवलेल्या टायांकडे बघत राहिली.

जानेवारीतला शनिवार होता तो. सोमवारी मला नोकरीवर हजर व्हायचं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझी पहिली नोकरी. त्याआधी सतरा वर्षं मी कॅथलिक धर्मगुरू होतो आणि जुलैत ते जीवन सोडून बाहेर पडलो होतो. वसईत अशी बातमी दडत नाही, पण स्टेशनजवळच्या या दुकानापर्यंत ती अजून आली नसावी. जयंतीभाईंची मुलगी आमच्या चर्चच्या शाळेत शिकली होती. त्यांच्यासाठी मी अजून फादर पास्कलच होतो. बाजारात जाताना मी साधा शर्टच घालत असे, त्यामुळे अंगात झगा नाही याचंही त्यांना नवल वाटलं नाही.

बाहेर पडलो तेव्हा लोक म्हणाले, कुणीतरी बाई असणार. बाई नव्हती. खरं कारण इतकं साधं होतं की ते कुणाला पटत नसे. दिवसभर लोकांच्या घरांसाठी, मुलाबाळांसाठी प्रार्थना करून मी संध्याकाळी एका खोलीत परत यायचो, आणि शेवटची दोन-तीन वर्षं त्या खोलीत मला देवही भेटेनासा झाला होता. मिस्सेची उपासना चालू असताना मला माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटायचा. बिशपांनी खूप समजावलं, थांबायला सांगितलं. मी वर्षभर थांबलो. मग निघालो.

“भावाचं माप?” जयंतीभाईंनी विचारलं.

“माझ्यासारखंच आहे.”

“मग सोपं झालं. तुम्हीच घालून बघा.”

बायच्या हातात एक पाकीट होतं. त्याच्या पाठीवर तिने घरूनच लिहून आणलं होतं: पाच शर्ट, तीन पँटी, पट्टा, काळे बूट, मोजे, एक टाय. टेलिफोनच्या ऑफिसात पंचवीस वर्षं काढलेली बाई ती. मी सकाळीच तिच्याशी वाद घातला होता.

“पाच कशाला? दोन पुरतील. एक धुवायचा, एक घालायचा.”

“झग्याखाली चालायचं ते. आत काय घातलंय कुणाला दिसत नव्हतं. ऑफिसात लोकांना सगळं दिसतं, काल काय घातलं होतं, परवा काय घातलं होतं. आणि पँटी साध्या घ्यायच्या. करडी, काळी, गडद निळी. कुठल्याही पँटीवर कुठलाही शर्ट चालला पाहिजे.”

तिला हे सगळं कसं ठाऊक, याचं मला आश्चर्य वाटत होतं. खरं म्हणजे आश्चर्य माझंच वाटायला हवं होतं. मी आयुष्यात स्वतःसाठी एक शर्ट विकत घेतला नव्हता. लहानपणी मामेभावांचे कपडे यायचे. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत सेमिनरी देईल ते. पुढे नाताळला, वाढदिवसाला गावातल्या बाया शर्टपीस आणून द्यायच्या, पांढरा नाहीतर राखाडी, ‘फादरला शोभेल असा’. चर्चसमोरचा शिंपी ते शिवायचा. माप त्याच्या वहीत असायचं, मला ते कधी कळलंच नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मी पहिला शर्ट चढवला आणि बाहेर आलो. बाय जवळ आली. सवयीने मी गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली होती. तिने वरचं बटण काढलं.

“हे उघडं ठेवतात,” ती हळूच म्हणाली. “टाय लावलास तरच लाव.”

गळ्याला वारा लागला. उगाचच उघडं पडल्यासारखं वाटलं.

जयंतीभाई लांबून म्हणाले, “फस्क्लास! भाऊ काय करतात?”

“कारखान्यात लागलाय,” मी म्हणालो. “माणसं बघायचं काम. भरती, रजा, तक्रारी.”

तेवढं मात्र खरं होतं. औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा कारखाना होता, वसईच्या पूर्वेला. मुलाखतीत मालकांनी मला एकच प्रश्न विचारला होता: “लोकांचं ऐकून घेता येतं का?” मी म्हणालो, सतरा वर्षं तेच केलं. ते हसले. उठताना म्हणाले, “कपडे मात्र जरा नीट लागतील.” मी खाली पाहिलं. चॉकलेटी पँट, त्यावर राखाडी शर्ट आणि पायात सँडल.

जयंतीभाईंनी काउंटरवर शर्टांचा ढीग घातला. बाय माझ्या कानाशी म्हणाली, “चार मी काढलेत. पाचवा तू घे. तुला कुठला रंग आवडतो?”

मी ढिगाकडे पाहत राहिलो. फिका निळा, आकाशी रेघांचा, मोतिया, हिरवट, गुलाबी. खूप वेळ गेला असावा.

“मला माहीत नाही, बाय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पटकन एक फिका निळा उचलला. “हा घेऊ,” ती म्हणाली, आणि नाक पुसायला तोंड फिरवलं.

पैसे बायनेच दिले. निघताना जयंतीभाईंनी रुमालांचा एक डबा माझ्या हातात ठेवला. “हे माझ्याकडून. भावाला नाही हां, तुम्हाला. मुलीची परीक्षा आहे मार्चमध्ये, तिच्यासाठी प्रार्थना करा.”

“करतो,” मी म्हणालो.

 रिक्षात बसल्यावर बाय म्हणाली, “खरं सांगितलं असतंस तर काय झालं असतं?”

“त्यांनी विचारलं असतं, का सोडलं. मला तिथे उभ्या उभ्या उत्तर द्यावं लागलं असतं.”

“एक दिवस द्यावं लागणारच आहे.”

“आज नको वाटलं.”

 ती पिशव्या मांडीवर धरून बाहेर बघत बसली. मीही बाहेर बघत होतो. केळीच्या वाड्या संपल्या की आमची आळी लागते, आणि आळी जवळ आली की जुलैपासून मी रिक्षावाल्याला हळू चालव म्हणायचो. घरी आय होती.

आय त्या वेळी एकोणऐंशी वर्षांची होती. बा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बायचे यजमान मस्कतला असत, त्यामुळे बाय माहेरीच आयजवळ राहायची. मी पूर्वेला भाड्याची खोली घेतली होती आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी जेवायला यायचो. त्या सहा महिन्यांत आय माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. नाताळला तर मी गेलोच नाही.

माझी गुरुदीक्षा झाली त्या दिवशी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिने माझ्या तेल लावलेल्या तळव्यांचं चुंबन घेतलं होतं आणि म्हणाली होती, “फादर, आशीर्वाद द्या.” मला हसू आलं. मी म्हणालो, “आय, मला पास्कूच म्हण.” ती गंभीर झाली. “आता नाही म्हणायचं,” ती म्हणाली. “मी म्हटलं तर लोकही म्हणतील.” तेव्हापासून सतरा वर्षं ती मला फादर म्हणाली, तुम्ही म्हणाली. मी घरून निघालो की डोक्यावरचा पदर सारखा करून पुढे वाकायची आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवायचो. बाय मात्र घरात मला पास्कलच म्हणायची, आणि त्यासाठी आयची बोलणी खायची. लग्नात, बारशात आयला पुढची खुर्ची मिळायची. फादरची आय आली, म्हणत बाया जागा करून द्यायच्या. जुलैनंतर ती लग्नांना जायची बंद झाली.

त्या शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा ती ओटीवर बसून वाल सोलत होती. अंगात नेहमीचं लाल लुगडं. मला पाहून उठली नाही, बोलली नाही. बायला म्हणाली, “त्याला सांग, पाय धुवून घे. जेवण तयार आहे.”

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

जेवतानाही तसंच. “त्याला विचार, भात वाढू?”

“वाढ, आय,” मी म्हणालो.

तिने वाढला. माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात टाकला. “त्याला विचार, खोलीवर गॅस आला का.”

“आला.”

“त्याला सांग, सकाळचं नुसत्या पावावर भागवू नको.”

बायने एकदाही निरोप पोचवला नाही. मान खाली घालून जेवत राहिली.

जेवण झाल्यावर बायने कपडे बाहेर काढून खाटेवर मांडले. पँटी एका बाजूला, शर्ट एका बाजूला, अगदी सोमवार ते शुक्रवार असे जोड लावून. आय दाराला टेकून बघत होती. मग जवळ आली. ओले हात लुगड्याला पुसून तिने एका शर्टाची बाही दोन बोटांत धरून पाहिली.

“कापड बरं आहे,” ती बायला म्हणाली. “पिवळा नाही घेतला? लहान असताना पिवळ्यासाठी रडून जमिनीवर लोळायचा.”

मला ते आठवत नव्हतं. कुणाला तरी माझा रंग ठाऊक होता. आणि का कोण जाणे, मला राग आला.

“आय, हे माझ्याशी बोल ना,” मी म्हणालो. “मी इथेच आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मग तिने बाही सोडली, खाटेवरची सुरकुती हाताने सारखी केली आणि आत स्वयंपाकघरात निघून गेली.

“ती मला माफ करणार नाही,” मी बायला म्हणालो.

“वेळ दे तिला.”

“सहा महिने झाले, बाय.”

मी पिशव्या उचलल्या आणि निघालो. आय बाहेर आली नाही.

सोमवारी मी कारखान्यात हजर झालो. मोतिया शर्ट, करडी पँट. दारावरच्या वॉचमनने सलाम ठोकला आणि मला सर म्हणाला. मला टेबल मिळालं, गळ्यात घालायला फोटोचं ओळखपत्र मिळालं. त्यावर नुसतं ‘पास्कल तुस्कानो’ असं लिहिलेलं होतं. ते मी दिवसभरात कितीदा तरी वाचलं. कुणी मला फादर म्हणालं नाही, कुणी माझ्यासमोर बोलताना आवाज बदलला नाही. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमधला एक जण माझ्या डब्यात डोकावून म्हणाला, “काय पास्कलभाऊ, फक्त अंडी?” मी पोटभर हसलो. किती दिवसांनी हसलो होतो, मला आठवेना.

गुरुवारी सकाळी साडेदहाला बायचा फोन आला. आय विहिरीजवळ पडली होती. बाय सांगत होती, उठवायला गेले तर तोंड वाकडं झालेलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात आणलंय, तू लगेच ये.

मी तसाच निघालो. फिका निळा शर्ट, टाय, गळ्यात ओळखपत्र. बाय खोलीच्या दारातच भेटली. केस विस्कटलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

“बोलतेय अजून,” ती म्हणाली. “जीभ जड झालीय, पण बोलतेय. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. तुलाच विचारतेय सारखी.”

“मला?”

“हो. ये लवकर.”

मी आत गेलो. खाटेवर आय खूप लहान दिसत होती. तिचा उजवा हात चादरीवर नुसता पडलेला होता. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“फादर.”

शब्द जड होता, पण स्वच्छ होता.

“फादर, हात ठेवा.” आणि तिने मान थोडी पुढे आणायचा प्रयत्न केला.

मी तिच्या उशाशी उभा होतो. माझा हात तिच्या डोक्यापासून वीतभरावर होता. सतरा वर्षांत मी किती माणसांच्या डोक्यावर तो ठेवला असेल याला गणती नाही. हात ठेवायला बिशपांची परवानगी लागत नाही. कुठलाही मुलगा आईच्या डोक्यावर हात ठेवू शकतो. हे सगळं मला त्या क्षणीही माहीत होतं.

पण मला ऐकू आला तो फक्त तो एक शब्द. सहा महिने मी पोटचा मुलगा म्हणून तिच्यासमोर ताट घेऊन बसलो, तेव्हा ती माझ्याशी बोलली नाही. आता बोलली ती फादरशी. मी तिला अजूनही नको होतो, तिला तोच हवा होता.

“आय,” मी म्हणालो, “मी आता फादर नाही. मी पास्कू आहे. तुझा पास्कू.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर टायवरून खाली ओळखपत्रापर्यंत गेली आणि परत वर आली.

“फादर व्हॅलेरियनना बोलावतो,” मी म्हणालो. “ते येतील. ते ठेवतील हात.”

बाय म्हणाली, “पास्कल...”

“थांब, बाय. मी फोन करून येतो.”

आयने डोळे मिटले. “बरं,” ती म्हणाली.

तो तिचा शेवटचा शब्द, असं मी तेव्हा धरून चाललो. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन केला. फादर व्हॅलेरियन माझ्याहून चार वर्षांनी लहान, सेमिनरीत माझ्या हाताखाली असलेला मुलगा. अर्ध्या तासात तो आला. त्याने तिला शेवटच्या संस्काराचं तेल लावलं, सगळ्या प्रार्थना नीट म्हटल्या. मी दाराशी उभा राहून बाकीच्यांबरोबर आमेन म्हणालो. तोपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. शुक्रवारी दुपारी ती गेली.

शनिवारी दफन झालं. मिस्सेला वेदीवर माझे सहा-सात सोबती होते. मी पहिल्या बाकावर बसलो होतो, पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून. बायने ती नेमकी कुठल्या दिवसासाठी म्हणून निवडली होती, कोण जाणे. काही लोकांनी हात मिळवला, काहींनी टाळला. एका म्हातारीने सवयीने माझ्यापुढे डोकं वाकवलं, मग आठवण होऊन ती ओशाळली आणि बाजूला झाली.

सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर पाहुणे गेले. बाय आणि मी ओटीवर बसलो होतो. बायने चहा आणला. ऊन उतरत होतं. पलीकडच्या वाडीत कुणीतरी मोटर चालू केली होती, तिचा आवाज येत होता.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणालो, “शेवटपर्यंत तिला फादरच हवा होता. मी नकोच होतो.”

बायने कप खाली ठेवला.

“तुला असं वाटतं?”

“तूच होतीस तिथे. तू ऐकलंस.”

“पडायच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघी इथेच बसलो होतो,” बाय म्हणाली. “मी तिला म्हटलं, आय, किती दिवस भिंतीशी बोलणार? पोरगा खंगलाय. तर ती म्हणाली, राग कधीच गेला गं. पण हाक काय मारू त्याला? फादर म्हटलं तर त्याला टोचेल. पास्कू म्हणायला जाते तर तोंडात येत नाही. इतकी वर्षं मीच म्हटलं नाही, आता एकदम कसं येईल? शनिवारी तो म्हणाला, माझ्याशी बोल. तेव्हा बोलणार होते. हाकच आली नाही.”

बाय पुढे सांगत राहिली.

“मी हसले. म्हटलं, काहीही म्हण, त्याला चालेल. तीही हसली. म्हणाली, रविवारी जेवायला बोलाव त्याला, म्हणून बघते.”

“मग दवाखान्यात...”

“जीभ अर्धी गेली होती तिची, पास्कल. जो शब्द ओठांवर होता तो म्हणाली. तिला तूच हवा होतास. दुसरं नाव शोधायला तिला वेळ कुठे होता?”

“मला सांगायचं होतंस, बाय. तिथेच सांगायचं होतंस.”

“सांगणारच होते,” बाय म्हणाली. “तू आधी बोललास.”

मोटर बंद झाली.  बाय पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणखी एक आहे. तू फोन करायला बाहेर गेलास ना, तेव्हा ती काहीतरी म्हणत होती. ओठ मिटायची, उघडायची. पा, पा, असं. मला वाटलं, पाणी मागतेय. मी चमच्याने पाणी पाजलं. तिने ते गिळलं नाही, बाहेर येऊ दिलं. मी पुसलं आणि पुन्हा पाजलं.”



या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी त्याच कारखान्यात आहे. पाचाचे पंचवीस शर्ट झाले, आणि रंग निवडायला मला आता कुणी लागत नाही. जयंतीभाईंना मी पुढच्याच महिन्यात जाऊन खरं सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलंही नाही, खुर्ची पुढे केली. बाय आणि मी दर रविवारी एकत्र जेवतो, सगळ्या जगाच्या गप्पा मारतो. त्या पाण्याबद्दल मात्र पुन्हा कधी बोललो नाही. त्या संध्याकाळी तेवढं बोलून बाय उठली, दोन्ही कप घेऊन आत गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला. दोन कप धुवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ तो येत होता. मी ओटीवर बसून राहिलो. उठून आत जावं, तिच्या पाठीवर हात ठेवावा, असं मला वाटत होतं.

या वेळी मी उठलो.